सात पावलं

नाना कुणाच्याही अंगणात शिरले की चपला काढायच्या आधी एकदा टाच आपटतात. जमीन भरीव वाजली तर "काय, बरंय ना?" म्हणून वर जातात. पोकळ वाजली तर घरधन्याकडे संशयाने बघतात. परवा एका मुंजीत मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मांडवाच्या कोपऱ्यात तीनदा टाच आपटली. लोकांना वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील.

नाना गणिताचे निवृत्त मास्तर. दापोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात एकटेच राहतात आणि आजीने पुरलेलं सोनं शोधतात. असा एक माणूस प्रत्येक भावकीत असतो. बाकीचे त्याला हसतात आणि मे महिन्यात गावी आले की दुसऱ्या दिवशी हळूच विचारतात, "काही लागलं का हो?"

हकिगत खरी आहे. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं. 1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायचे नाहीत, आणि घरात लगडी-बिस्किटं असतील तर सरकारला कळवायची. अंगावरच्या दागिन्यांबद्दल कुणी काही विचारणार नव्हतं. पण बाजारातून आमच्या माजघरापर्यंत चालत येईतो त्या बातमीचं "सरकार सोनं न्यायला येतंय" एवढंच उरलं होतं. त्या रात्री आजीने पाटल्या आणि पुतळ्यांची माळ तांब्याच्या तपेलीत घातली, तोंडाला फडकं बांधलं आणि तपेली मागीलदारी पुरली. 1984 साली जाताना ती एवढंच म्हणाली, "फणसापासून सात पावलं. तुळशीकडे तोंड करून."

गणिताच्या मास्तराला याहून सोपं उदाहरण कुठलं? पण उदाहरणातली एकही संख्या जागेवर नव्हती. फणस तीन. त्यातला एक 2020 च्या निसर्ग वादळात मुळासकट उलथला आणि खड्ड्यात नाना सर्वांत आधी उतरले. तुळशीवृंदावन खळ्याची फरशी बसवताना चार हात सरकलेलं. उरली पावलं. नाना सहा फूट उंच, आजी जेमतेम पावणेपाच, त्यात नऊवारी लुगडं आणि हातात जड तपेली. मग नानांनी आजीच्या उंचीच्या एका शेजारीणबाईंना लुगडं नेसवून, डोक्यावर पाण्याची कळशी देऊन फणसापासून सात पावलं चालवलं. तीनदा. तिन्ही वेळा त्या वेगळ्याच ठिकाणी पोचल्या. नानांनी सरासरी काढली आणि खणलं. कमरेएवढ्या खोलीवर कातळ लागला.

माती टाकायला जागा हवी, म्हणून पहिल्याच वर्षी न्हाणीच्या मागचा कोपरा ठरला. आता तिथे पुरुषभर उंच ढीग आहे आणि त्यावर दरवर्षी भोपळ्याचा वेल चढतो. गोष्टीतल्या शेतकऱ्याच्या मुलांना जमीन खणून निदान पीक तरी आलं. आमच्याकडे जुलैत खड्डे भरतात आणि बेडूक येतात.

तपेलीही दरसाल वाढत गेली. आमच्या लहानपणी त्यात पाटल्या आणि माळ होती. पुढे राणीछाप रुपये आले. "एकेक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, सोळा आण्यांत जवळपास पंधरा आणे चांदी," नाना सांगायचे, जसं काही तपेली आत्ताच उपडी करून मोजलेत. गेल्या वर्षी त्या तपेलीचा हंडा झाला. त्याच्यावर नाग मात्र त्यांनी बसू दिला नाही. गावातल्या एकाने पायाळू माणूस आणतो म्हणून सांगितलं, तेव्हा नाना मास्तरी आवाजात कडाडले, "2013 चा कायदा वाचलायस का? गुप्तधनासाठी असले प्रकार केलेस तर मलाही आत घालशील!"

कायद्यावर नानांची श्रद्धा दांडगी. आमच्या एका वकील भावाने त्यांना 1878 चा निखात निधीचा कायदा समजावून सांगितला. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं, पण शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल आणि आपल्याच माणसाने पुरलं हे सिद्ध करता आलं तर आपला हक्क. नानांनी तिथल्या तिथे बेरीज केली. "म्हणजे 2063 पर्यंत मुदत आहे," ते समाधानाने म्हणाले.

मधे पुण्याहून भाड्याने धातुशोधक यंत्र आलं. चालू केलं आणि ते जे ओरडायला लागलं ते थांबेचना. खळ्यात ओरडलं, विहिरीपाशी ओरडलं, गडग्यावर धरलं तर बेंबीच्या देठापासून ओरडलं. नाना दोन दिवस आनंदाने झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की हा सगळा जांभा, दगडातच लोखंड. एक घोड्याची नाल आणि एक नांगराचा फाळ एवढ्यावर भाडं फिटलं म्हणायचं.

यंदा मेमध्ये बडोद्याची आत्या आली. आजीची एकुलती मुलगी, आता नव्वदीला टेकलेली. सातबाऱ्यावरच्या सतरा नावांत तिचंही नाव लागतं, तेव्हा हक्कसोड पत्रावर सही घ्यायला आमच्यातले चौघे बडोद्याला जाऊन आले होते, श्रीखंड खाऊन आले होते. पण आजीने काय पुरलं, हे तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माहेरच्या सोन्याबद्दल मुलीला काय माहीत असणार!

खळ्यात आमसुलं वाळत होती. आत्या खुर्चीवर बसून खड्डे मोजत होती.

"नान्या, हे काय रे मांडलंयस?"

नानांनी सांगितलं. आत्या खूप वेळ हसली. हसून ठसका लागला, पाणी दिलं.

"अरे, ते तिने केव्हाच काढलंन. कोयनेचा भूकंप झाला ना, सदुसष्टच्या डिसेंबरात, तेव्हा माजघराची भिंत तडकली. पाटल्या मोडून चिरे आणलेन. ती काय, तू पाठ टेकतोस ती."

"मग जाताना सात पावलं का म्हणाली?"

"शेवटी तिला मागलंच आठवत होतं. मला कुठे ओळखत होती!"

आम्ही सगळे गप्प. चाळीस वर्षं खणून माणसाला हे ऐकावं लागलं, आता नाना खचणार, म्हणून कुणीतरी चहा टाकायला आत पळालं. नाना मात्र पुढे सरकून बसले. वर्गात हुशार मुलाने हात वर केल्यावर व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काढलं तेव्हा तू होतीस?"

"होते की. कंदील मीच धरला होता."

"मग नेमकं कुठून काढलं?"

"आता मेलं काय करायचंय?"

"आत्या, जागा सांग. सरासरी बरोबर होती की नाही, एवढंच बघायचंय."

आत्याने डोळे बारीक केले, तिन्ही फणसांच्या जागांवरून नजर फिरवली आणि बोट न्हाणीच्या मागे केलं. भोपळ्याच्या वेलाकडे.

नाना उठले, ढिगापाशी गेले आणि सवयीने टाच आपटली. पाय घोट्यापर्यंत मातीत गेला, आवाज काही आला नाही.

"घमेलं आण रे," ते मला म्हणाले.