कागदावरचा ब्रह्मचारी

अमेरिकेचं आयकर विवरणपत्र म्हणजे फॉर्म १०४०. त्याच्या पहिल्याच पानावर पाच चौकटी. अविवाहित, विवाहित आणि जोडीने विवरणपत्र भरणारे, विवाहित पण वेगवेगळं भरणारे, कुटुंबप्रमुख, आणि जोडीदार गमावलेला पालक. एकीत खूण करायची आणि पुढे जायचं. आपल्या भागातून गेलेला मुलगा लग्न करून परत जातो, मार्च-एप्रिलात विवरणपत्र भरायला बसतो आणि सवयीने 'सिंगल'वर खूण करतो. बायको बेल्लमपल्लीत. तिच्याकडे तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, सॉफ्टवेअर तो मागत राहतं, मग कशाला डोक्याला ताप? दोन-तीन वर्षं असंच चालतं. मग तो तिला बोलावून घ्यायचा अर्ज करतो. अर्जात शपथेवर लिहितो की आमचं लग्न अमुक तारखेला झालं. सोबत आयकराचा उतारा जोडतो. त्यात त्याच सालापुरतं, तितक्याच शपथेवर, लिहिलेलं असतं की मी अविवाहित आहे.

याला 'क्लेरिकल मिस्टेक' म्हणायची रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. निदान कोळशाच्या गावाने तरी ती मान्य करू नये.

बेल्लमपल्ली हे उत्तर तेलंगणातलं, सिंगरेणी कोळसा कंपनीचं गाव. नोंद म्हणजे काय, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव नीट असेल, १९९८च्या कोळसा खाण पेन्शन योजनेच्या कागदांशी ते जुळत असेल, तर कामगार गेल्यावर तिची पेन्शन सुरळीत सुरू होते. एका अक्षराचा फरक पडला की बाई सीएमपीएफच्या, म्हणजे कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधीच्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवते. 'मारुपेर्लु'चा प्रश्न तर सिंगरेणीच्या प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. जुन्या काळी कितीतरी कामगार दुसऱ्याच नावावर खाणीत लागले. आयुष्यभर राबले, आणि वारसाला नोकरी मिळायची वेळ आली तेव्हा बापाचं नाव कंपनीच्या दप्तरात एक आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं. युनियनच्या निवडणुकीत हा मुद्दा वर्षानुवर्षं गाजतो आहे. ज्याने खाणीत नाव बदललं त्याच्या पोटाची गरज होती, हे मी समजू शकतो. पण त्याच कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढून इंजिनियर झालेला त्याचा नातू परदेशात बसून आपली बायको कागदावरून पुसतो, तेव्हा त्याला कुठली गरज असते?

पैसा वाचतो म्हणावं, तर अनेकदा तोही वाचत नाही. २०२४ सालासाठी अविवाहिताची प्रमाणित वजावट १४,६०० डॉलर होती. विवाहित पण वेगळं भरणाऱ्याचीही १४,६००च. जोडीने भरलं असतं तर २९,२००. म्हणजे खोटी खूण करून बहुतेक पगारदार पोरांच्या हाती काहीच लागलं नाही, उलट हक्काची सवलत गेली असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी खोटी खूण याहून वाईट, ती म्हणजे 'हेड ऑफ हाउसहोल्ड', कुटुंबप्रमुखाची. तिथे त्याच वर्षी वजावट २१,९०० डॉलर होती, म्हणून कुणीतरी मित्र सांगतो, 'तू घरी आईवडिलांना पैसे पाठवतोस ना, मग ही टाक.' दर महिन्याला पैसे जात असतील, ते खरंही असेल. पण अमेरिकेच्या कायद्यात अवलंबून असलेली व्यक्ती तिथली नागरिक किंवा रहिवासी असावी लागते, फार तर कॅनडा-मेक्सिकोत राहणारी. बेल्लमपल्लीच्या क्वार्टरमधले आईवडील त्यात बसत नाहीत. इथे मात्र खरोखरच पैशाचा फायदा घेतलेला असतो आणि तो व्याजासकट परत करावा लागतो.

बहुतेकांची चूक हावरेपणातून होत नाही, हेही मान्य करतो. ती तारखांतून होते. परदेशात सुट्टी मिळते डिसेंबरात. आपल्याकडे धनुर्मास लागायच्या आतला मुहूर्त धरायचा, चार दिवसांत लग्न उरकायचं, नव्या वर्षाच्या आधी विमान. अमेरिकेचा नियम सरळ आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर ते अख्खं वर्ष तुम्ही विवाहित. अकरा महिने एकटे राहिलात याला किंमत नाही. त्याहून जास्त फसगत रजिस्टर लग्नाची. व्हिसाचे कागद लवकर निघावेत म्हणून ऑक्टोबरात सब-रजिस्ट्रारसमोर सह्या होतात आणि वाजतगाजत लग्न फेब्रुवारीत. दोन्ही घरं फेब्रुवारीपर्यंत मुलीला 'व्हायची सून' म्हणतात. कायद्याच्या लेखी ती ऑक्टोबरातच बायको झालेली असते. जे प्रमाणपत्र दाखवून तुम्ही तिच्यासाठी अर्ज करणार, त्यावर ऑक्टोबरची तारीख आहे. मग त्या वर्षाच्या विवरणपत्रात 'सिंगल' कसं चालेल?

आपल्या देशाच्या आयकराने आपल्याला ही सवय लावली नाही, हेही खरं. इथे कर माणसागणिक लागतो. विवरणपत्र बायको आहे का म्हणून विचारतच नाही. पॅनकार्डावर लग्न झालेल्या बाईच्याही आई किंवा वडिलांचंच नाव येतं. अपवाद गोव्याचा. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे पगार सोडून इतर उत्पन्न नवराबायकोत निम्मंनिम्मं विभागलं जातं, आयकर कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे आणि विवरणपत्रात जोडीदाराचा पॅन लिहावा लागतो. पणजीचा हिशेबनीस लग्नाचा प्रश्न आधी विचारेल. आपल्याकडच्या मंचेरियालचा विचारणार नाही, कारण त्याला तो कधी विचारावा लागलेलाच नाही.

शिवाय उत्तर तेलंगणाचं परदेश म्हणजे कितीतरी वर्षं आखात. तिथे पगारावर आयकरच नाही. बायकोला न्यायचं तर साक्षांकित विवाह प्रमाणपत्र आणि पगाराचा कागद, संपलं. त्या पिढीचा अनुभव घरात आहे आणि पोरगं अमेरिकेला, कॅनडाला गेल्यावरही तोच लावला जातो. 'मॅरेज सर्टिफिकेट आहे ना, मग झालं.' झालं नाही.

धरून चला, मुलगी चंद्रपूरची, सासर बेल्लमपल्लीचं, मुलगा टेक्सासात ग्रीनकार्डवाला. त्याने बायकोला बोलावण्याचा आय-१३० अर्ज भरला, वाट पाहिली, नंबर आला. आता आय-८६४ नावाचं हमीपत्र. त्यात तो अमेरिकी सरकारला लिहून देतो की मी हिला पोसेन. दोन माणसांच्या घरासाठी गरिबीरेषेच्या १२५ टक्के, म्हणजे २०२५च्या हिशेबाने वर्षाला २६,४३७ डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. हे हमीपत्र घटस्फोटानेही संपत नाही, इतकं ते कडक आहे. त्याला शेवटच्या वर्षाचा आयकर उतारा जोडायचा. त्या उताऱ्यावर 'फायलिंग स्टेटस'ची ओळ असते.

मुलीचे वडील जावयाला फोन करतात, "जावईबुवा, एजंट म्हणतो तुमच्या टॅक्सच्या कागदावर सिंगल लिहिलंय."

"मामाजी, ते फक्त टॅक्सचं आहे. त्याचा काही संबंध नाही."

संबंध आहे. भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. मुलाखतीला नवरा नसला तरी चालतं, मुलगी मात्र हवीच. म्हणजे रात्रभर प्रवास करून काचेसमोर ती उभी राहते आणि जे विवरणपत्र तिने कधी पाहिलेलं नाही त्याचा जाब तिला विचारला जातो. 'तुमचा नवरा स्वतःला अविवाहित का म्हणवतो?' ती काय सांगणार? 'सिंगल' दिसलं म्हणून व्हिसा लगेच फेटाळतात असं नाही. पण लग्न खरं की कागदोपत्री, ही शंका घ्यायला अधिकाऱ्याला त्याच्याच सहीचा कागद मिळतो. मग तिच्या हातात आणखी कागद मागणारी चिठ्ठी, पुन्हा महिन्यांची वाट, आणि गावात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, 'अजून गेली नाही का गं?' माझा राग इथे आहे. खूण त्याची, जाब तिला.

कॅनडातली चूक वेगळ्या जातीची. तिथे लग्न झालेल्याने जोडीदार भारतात असला तरी विवाहित असंच लिहायचं आणि त्याचं भारतातलं उत्पन्नही दाखवायचं. कित्येक जण बायको सोबत राहत नाही म्हणून 'सेपरेटेड'वर खूण करतात. कॅनडाच्या महसूल खात्याच्या लेखी त्याचा अर्थ नातं तुटून नव्वद दिवस उलटले असा होतो. व्हिसाअभावी लांब राहणं त्यात बसत नाही. म्हणजे एका खात्याला सांगायचं संसार मोडला आणि दुसऱ्या खात्याला सांगायचं तिला पाठवा. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचंही तेच. बारा महिने एका छताखाली राहिलो म्हणून प्रायोजक व्हायचं, आणि त्याच बारा महिन्यांत स्वतःला एकटं दाखवून जीएसटीची सवलत घ्यायची. खातं ती सवलत परत वसूल करतं. इमिग्रेशनच्या अर्जात खोटं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

आता दुरुस्तीचं. ती होते, आणि फारशी अवघडही नाही. अमेरिकेत १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, साधारण तीन वर्षांच्या मुदतीत. बायकोकडे तिथला कुठलाच नंबर नसेल, तर वेगळं विवरणपत्र भरताना तिच्या नंबराच्या जागी 'एनआरए' (अनिवासी परदेशी) लिहायची सोय आहे. जोडीने भरायचं असेल तर डब्ल्यू-७ फॉर्म भरून तिच्यासाठी आयटीआयएन हा करक्रमांक काढायचा आणि दोघांच्या सहीचं निवेदन जोडायचं. इथे मुलींनी डोळे उघडे ठेवावेत. जोडीच्या विवरणपत्रावर तुमचीही सही असते, त्या वर्षाचा तुमचा इथला पगारही त्यात धरला जातो आणि कराची जबाबदारी दोघांची. न वाचता सही करू नका. कॅनडात आरसी-६५ हा साधा फॉर्म आहे. लग्न ज्या महिन्यात झालं त्याच्या पुढच्या महिन्याअखेर कळवायचं असतं. उशीर झाला असेल तरी कळवा.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. अमेरिकी आयकराचा साधा उतारा मूळ विवरणपत्रच दाखवतो. १०४०-एक्स भरल्यावरही त्यावर 'सिंगल'च राहतं. म्हणून दुरुस्तीची प्रत, खात्याचा दुसरा उतारा ज्यात फेरफार दिसतो, आणि काय चुकलं ते सांगणारं साध्या भाषेतलं सहीचं पत्र, हे तिन्ही फाइलीत लावावं लागतं. दुरुस्तीला आठ ते बारा आठवडे लागतात, कधी सोळाही. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात हे सुचून उपयोग नाही.

आणि हैदराबादच्या अमीरपेटच्या गल्ल्यांतून मिळणारे सल्ले ऐकू नका. 'उताराच जोडू नका, पगाराच्या स्लिपा लावा.' 'लग्नाची तारीख पुढची दाखवून नवं प्रमाणपत्र काढू.' हा दुसरा सल्ला देणारा माणूस तुमच्या करातली चूक इमिग्रेशनमधल्या लबाडीत बदलतो आहे. चूक भरून निघते. बनावट तारखेचा दाखला सापडला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. बेल्लमपल्ली २०१६च्या ऑक्टोबरात आदिलाबाद जिल्ह्यातून मंचेरियालमध्ये गेली, तेव्हापासून कुणाच्या जन्मदाखल्यावर एक जिल्हा आणि पासपोर्टवर दुसरा. त्याचं दोन ओळींचं स्पष्टीकरण चालतं, कारण ते खरं आहे. 'सिंगल'चंही खरंच सांगा.

आपल्या सरकारकडूनही मला उत्तर हवं आहे. सर्वोच्च न्यायालयाने विवाहनोंदणी सक्तीची करा म्हणून २००६ साली सांगितलं. अनिवासी भारतीयांच्या लग्नाच्या नोंदणीचं विधेयक २०१९च्या फेब्रुवारीत राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. विधी आयोगाने २०२४च्या फेब्रुवारीत २८७ वा अहवाल दिला. त्यात पासपोर्टवर वैवाहिक स्थिती आणि विवाहनोंदणीचा क्रमांक असावा, नवराबायकोचे पासपोर्ट एकमेकांशी जोडावेत, अशी शिफारस आहे. तो अहवाल फसवलेल्या बायकांसाठी आहे. लग्न करून गेलेला आणि परत न आलेला नवरा तिथे सुखाने 'सिंगल' राहतो, त्याच्यासाठी ही चौकट सोयीची असते. आळशी नवऱ्याची खूण आणि लबाड नवऱ्याची खूण कागदावर सारखीच दिसते. अधिकाऱ्याने फरक कसा ओळखायचा? आणि बायकोने?

तोवर वधूपक्षाच्या हातात जे आहे ते करावं. बैठकीत आपण पगाराची स्लिप मागतो, घराचा फोटो मागतो, पत्रिका तर मागतोच. लग्नानंतरच्या पहिल्या एप्रिलात जावयाकडे आयकराचा उतारा मागा. मागायला लाजू नका, आणि द्यायला त्यानेही लाजू नये. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. जावयाने तो सासऱ्याच्या फोनवर पाठवावा आणि मुलीने फायलिंग स्टेटसची ओळ स्वतः वाचावी.