अधूनमधून रुसणारा गिअर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

उटनूरमध्ये ऑटोमॅटिक गिअरची पिकअप घेणाऱ्याला दोन गोष्टी फुकट मिळतात: डाव्या पायाला आराम आणि गावभराचा सल्ला. गिअर कधी पडतो, कधी पडत नाही, असं सुरू झालं की सल्ल्याचा जोर वाढतो. कायमचा बिघाड कोणीही शोधेल. येणारा-जाणारा बिघाड मात्र मिस्त्रीचं तोंड दिसताच बरा होतो. म्हणून ही मार्गदर्शिका.

साहित्य : वही, पेन, टॉर्च, मल्टिमीटर, पांढरी चिंधी. स्कॅनर उसना चालेल. हातोडी घरीच ठेवा.

पायरी १. चहाच्या टपरीवर बोलू नका. बोललात तर ‘गिअरबॉक्स गेला’ हा निकाल चहा येण्याआधी लागेल, आणि चार जण धक्का मारायला उठतील. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही, हे मंडळींना दमल्यावरच पटतं. टोचनही लावू देऊ नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा ऑइलपंप फिरत नाही आणि ओढलेली चाकं आतले भाग कोरडेच फिरवतात. इंजिनाने फिरणारी चाकं उचलून किंवा दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्या.

पायरी २. वहीत लिहा. ‘गाडी त्रास देते’ ही नोंद नव्हे. नोंद अशी: ‘कापूस भरलेला, इंद्रवेल्लीच्या पुढे, पाऊस चालू, दुसऱ्यावरून तिसरा पडला नाही. चावी बंद करून चालू केली, ठीक.’ या शेवटच्या वाक्यात निम्मं निदान आहे. घासलेली क्लचप्लेट चावी फिरवल्याने नवी होत नाही, गिअरचा गोंधळलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मात्र ताळ्यावर येतो. सकाळी गिअर उशिरा पडतो आणि तापल्यावर सुधारतो, तर आधी ऑइलची पातळी बघा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघडतो, तर सोलेनॉइडवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हवर, संशय घ्या.

पायरी ३. ऑइल बघा, पण इंजिन ऑइलसारखं नाही. बऱ्याच गाड्यांत ते सपाट जागी, इंजिन चालू आणि गिअरबॉक्स तापलेला असताना मोजतात. काहींना डिपस्टिकच नसते. कंपनीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून आज पहिल्यांदा बाहेर काढा. चिंधीवर ऑइल काळं दिसलं आणि करपल्याचा वास आला तर दुखणं खरोखर आत आहे. कमी असेल तर ‘बघू, थोडं जास्तच घाल’ म्हणू नका. जास्तीच्या ऑइलला फेस येतो, आणि फेसावर दाब धरत नाही.

पायरी ४. करंट तपासा. १२ व्होल्टची बॅटरी गाडी उभी असताना सुमारे १२.६ आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवते. मग लाइट, पंखा लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंत मोजा. ०.२ व्होल्टच्या वर फरक निघाला तर अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली असावी. पट्टी घासून घट्ट करायला जेवढा खर्च येतो, त्यात गिअरबॉक्सचा एक बोल्टही येत नाही.

पायरी ५. गिअरबॉक्सच्या वायरिंगचा कनेक्टर उघडा. आदिलाबादच्या मार्केटात कापसाचा ओलावा मोजतात. ८ टक्क्यांवर निघाला तर भाव कापतात, १२ च्या वर गेला तर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस परत पाठवतं. तोच कापूस वाहणाऱ्या गाडीच्या कनेक्टरचा ओलावा मात्र कोणी विचारत नाही. पिनांवर हिरवट थर, पाणी किंवा झिरपलेलं ऑइल दिसेल. कापसाच्या खोलीशेजारी गाडी उभी करत असाल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही दिसेल. मग गाडी जागेवर उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू ठेवून वायरिंग हलक्या हाताने हलवा. मल्टिमीटरचं रीडिंग उडालं की चोर सापडला.

पायरी ६. स्कॅनर लावा आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पी०७०० म्हणजे फक्त ‘गिअरच्या कंट्रोलरकडे तक्रार आहे, तिकडे विचारा’. पी०७२० आउटपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटचा. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर आणि कनेक्टर तिन्ही. पण नवशिका फक्त सेन्सर विकत आणतो.

पायरी ७. आता मिस्त्रीकडे जा.

‘‘मामा, गिअर कधीकधी पडत नाही.’’

‘‘खोलल्याशिवाय कसं कळंल भाऊ?’’

‘‘खोलू की. आधी ही वही वाचा.’’

मामांनी वही वाचून थेट कनेक्टरला हात घातला तर तुम्ही नवशिके उरला नाहीत. त्यांनी वही पाना पुसायला घेतली तर दुसरं गॅरेज गाठा. बिघाड कनेक्टर साफ करण्यावरच मिटला, तरी मजुरी घासाघीस न करता द्या. पिना पुसल्याचे पैसे देताना हात आखडणारे आपण, गिअरबॉक्स खोलायला मात्र उधारी काढतो. मग मिस्त्रीने खोलायचा सल्ला दिला तर दोष त्याचा एकट्याचा कसा?