जेवणानंतर

बातमी तुम्ही वाचली असेलच. नेहमीचीच आहे. अकराला कोर्ट बसलं, साडेबाराला आरोपीला दोषी ठरवलं, दोनला जेवणाची सुट्टी झाली, पावणेतीनला कोर्ट पुन्हा बसलं, शिक्षेच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतलं आणि चारच्या सुमाराला फाशी सुनावली. साडेचारला कोर्टाच्या गेटवर पेढे. सहाला चॅनेलवर पट्टी: अवघ्या इतक्या दिवसांत न्याय!

किती दिवसांत, याचीच चर्चा सगळीकडे. माझं डोकं मात्र त्या जेवणाच्या सुट्टीत अडकून पडलंय.

आपला कायदा मोठा विचारी. माणूस दोषी आहे का, हा एक प्रश्न आणि दोषी असेल तर त्याला जगू द्यायचं का, हा दुसरा, हे त्याला कळतं. म्हणून 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 235 आलं: दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीला वेगळं ऐकून घ्या. आता संहिता नवी, कलम 258. नंबर वाढला, संहितेचं नाव लांबलं, ऐकण्याचा वेळ तेवढाच राहिला. डबा उघडून, खाऊन, धुऊन ठेवण्याएवढा.

या तेवढ्या वेळात काय काय बसवायचं असतं बघा. 1980 साली सर्वोच्च न्यायालयात ठरलं की जन्मठेप हा नियम, फाशी अपवाद, तीही दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. गुन्हा तर बघायचाच, पण गुन्हेगारही बघायचा. त्याचं वय, त्याची मनःस्थिती, तो सुधारेल का, हे सगळं. आणि सुधारणार नाही, असं म्हणायचं असेल तर ते सरकारने पुराव्यानिशी दाखवायचं. 2022 च्या मे महिन्यात यादी आणखी नीट झाली: मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल आणा, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल आणा, परिविक्षा अधिकाऱ्याचा आणा, बालपण, घरची स्थिती, शिक्षण, आजारपण, सगळं समोर ठेवा. कागदावर अगदी चोख.

आता हे दोन ते पावणेतीनमध्ये बसवून दाखवा. मी प्रयत्न केला. दोन ते दोन दहा, बालपण. आरोपीची आई तीनशे किलोमीटरवरच्या गावात दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेलेली आहे, ती दहा मिनिटांत येऊन मुलाला लहानपणी कोण मारायचं ते सांगेल. दोन दहा ते दोन वीस, मनोविकार. तज्ज्ञ डॉक्टर जिल्हा रुग्णालयाची ओपीडी टाकून धावत येतील, व्हरांड्यात, दोन पोलिसांच्या मधे बेड्यांत बसलेल्या माणसाला 'झोप लागते का?' विचारतील आणि छापील फॉर्मवर खूण करतील. दोन वीस ते दोन पंचवीस, तुरुंगातली वागणूक. तुरुंगाचा अहवाल यायला जावक क्रमांक लागतो, जावक क्रमांक टाकणारे साहेब जेवायला गेलेत, कारण सुट्टी त्यांनाही आहे. पंचविसाव्या मिनिटाला वकील आणि अशिलाची पहिली निवांत भेट. हा सरकारने दिलेला मोफत वकील, त्याच्या हातात निम्मा वडा, कारण त्यालाही भूक आहे. तो विचारतो, 'शिक्षेबाबत काय सांगायचंय?' ज्याला दोन तासांपूर्वी दोषी ठरवलंय, ज्याच्या कानात अजून तोच शब्द घुमतोय, तो म्हणतो, 'मी काही केलं नाही साहेब.' वकील म्हणतो, 'ते झालं आता. दुसरं काही?' दुसरं काही नसतं. झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग असते, स्टॅम्पवाला टेबलावर डोकं ठेवून झोपलेला असतो आणि तेवढ्यात पुकारा होतो.

मग ते वाक्य येतं. 'आरोपी तरुण आहे, हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे, घरी वृद्ध आईवडील असून कुटुंब त्याच्यावरच अवलंबून आहे, तरी दया दाखवावी.' हे वाक्य इतक्या निकालपत्रांत सारखंच असतं की ते वकीलपत्रावर खालच्या बाजूला छापूनच येत असावं. एखाद्या अनाथाच्या नावावरही वृद्ध आईवडील चढले असतील, तर मला नवल वाटणार नाही. सरकारी वकील उठून म्हणतात, गुन्हा क्रूर आहे, समाजमन सुन्न झालंय, जरब बसली पाहिजे. त्यांचं वाक्यही छापीलच, पण त्यांना ते पुरतं. दोन्ही वाक्यं निकालाच्या एका परिच्छेदात शेजारी शेजारी टाइप होतात. पुढच्या परिच्छेदात माणसाला मरेपर्यंत फाशी.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण ती आठवून माझं रक्त तापतं. आमच्या चुलत्यांचा बांधाचा दावा. भांडण दोन फूट रुंदीच्या मातीचं. समोरच्याने म्हणणं द्यायला मुदत मागितली, मिळाली. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. मग वकिलाच्या पुतण्याचं लग्न होतं. मग साहेबांची बदली झाली. मग मोजणीला कमिशनर नेमला, तो पावसाळ्यात निघाला, पावसाळ्यात मोजणी होत नाही असं सांगून परत गेला, आणि पावसाळा सरल्यावर आला तेव्हा पीक उभं होतं, पिकात साखळी टाकता येत नाही. दरम्यान बांधावर बाभळ उगवली, वाढली, वादळात आडवी झाली आणि तिच्या लाकडावर दोघांनीही हक्क सांगितला, म्हणजे त्यालाही तारीख. चुलते वारले. वारस दाखल करायला मुदत. शेजारी वारला. त्याचे वारस मुंबईला, समन्स बजावणी होईना, बेलीफाचा शेरा: 'पत्त्यावर आढळले नाहीत.' या सगळ्या काळात एकाही कोर्टाला असं वाटलं नाही की प्रतिवादीने त्याचं म्हणणं डबा खाता खाता द्यावं. नैसर्गिक न्याय म्हणून काही असतं! बांधाचा प्रश्न आहे, घाई करून कसं चालेल? अहो, मी म्हणतो, चुलत्यांनी तेव्हा शेजाऱ्याचा खून केला असता तर निदान काहीतरी त्याच दिवशी निकालात निघालं असतं.

असो. तर त्याच दिवशी ऐकून त्याच दिवशी शिक्षा, हे बरोबर आहे का, या प्रश्नावर आपली न्यायव्यवस्था मात्र अजिबात घाईत नाही. 1976 साली वरून सांगण्यात आलं की शिक्षेवरची सुनावणी हा नुसता उपचार नव्हे, ती खरोखरीची हवी. 1977 साली परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खून खटल्यात, गुप्तधनापायी पडलेल्या बळींचा तो खटला, जुन्या वाचकांना आठवेल, हाच मुद्दा पुन्हा निघाला. आरोपीला ऐकलंच पाहिजे आणि ते मनापासून ऐकलं पाहिजे, हे तिथेही बजावलं गेलं. पण खाली ऐकायचं राहून गेलं असेल तर खटला दरवेळी परत पाठवायलाच हवा असं नाही, वरचं कोर्टही ऐकून घेऊ शकतं, अशी सोयही झाली. 1989 साली सांगितलं गेलं की दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी साधारणपणे पुढची तारीख द्यावी. पुढे काही निकालांत म्हटलं, त्याच दिवशी नको. काहींत म्हटलं, त्याच दिवशीही चालेल. शेवटी 2022 च्या सप्टेंबरात, पुरेसा वेळ म्हणजे किती वेळ, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. म्हणजे एक दिवस पुरतो का, हे ठरवायला सेहेचाळीस वर्षं पुरली नाहीत.

घाईत काय राहून जातं, त्याचं एक उदाहरण पुण्याचं आहे. 1994 सालचं हत्याकांड. एकाला फाशी झाली, वरपर्यंत कायम झाली. 2023 साली सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख शाईने लिहिलेली होती. रजिस्टर कुठे पळून गेलं नव्हतं. पोलीस, वकील, कोर्टं, एवढी सगळी यंत्रणा, एवढी कलमं, आणि पहिलीतल्या मास्तरांनी लिहिलेली एक ओळ उघडून बघायला अठ्ठावीस वर्षं गेली. ती त्याने तुरुंगात काढली. कायद्याने तो बालगुन्हेगार होता, त्याला फाशी देताच आली नसती. तेव्हा तो मेला असता तर आपण काय केलं असतं? पेढे परत मागवले असते?

मला आता पत्रं येतील. येऊ द्या. 'तुमच्या घरात घडलं असतं म्हणजे कळलं असतं.' 'गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला?' पुळका नाही हो. ज्या बाईची मुलगी गेली, तिचा विचार करून बघा. चारच्या सुमाराला तिला सांगतात, न्याय मिळाला. कॅमेरे तिच्या तोंडासमोर येतात, पुढारी तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात, कुणी तिच्या तोंडात पेढा कोंबतो. मग वर अपील चालतं. चार वर्षांनी, सात वर्षांनी फाशीची जन्मठेप होते, किंवा आरोपी निर्दोष सुटतो, कारण डीएनएच्या अहवालात गोंधळ होता किंवा खालच्या कोर्टाने शिक्षेबाबत काही बघितलंच नव्हतं. तेव्हा तिला सांगायला कोण जातं? एकही कॅमेरा जात नाही. तिला ते कुणाच्या तरी फोनवर कळतं, भाजी निवडत असताना. तपास धड केला नाही, त्याबद्दल कोणाची वेतनवाढ रोखली जात नाही. साक्षीदार फुटले, कोणाची चौकशी होत नाही. रस्त्यावर दिवा नव्हता, दिवा अजूनही नाही. पण फाशी दिली! या देशात कमरेइतका खांब उभा करायला तीन टेंडरं लागतात आणि फाशी सुनावायला कागदाचं एक पान. स्वस्त आहे, म्हणून वाटतात.

आणि स्वस्त का आहे, तेही सांगतो. सरकारी कचेरीत ज्याने कधी काम काढलंय त्याला 'वर बघतील' ही सही ठाऊक आहे. आपण टिपण्णी लिहायची, फाईल पुढे ढकलायची, वर बघतील. खालच्या कोर्टाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, कायदाच तसा आहे, आणि तो भल्यासाठी केलेला आहे. पण त्याचा अर्थ खाली असा झाला की फाशी देणाऱ्याला फाशी द्यावी लागत नाही. जन्मठेप दिली तर गेटवर घोषणा, पुतळा जाळणं, 'कोर्टाने आरोपीला वाचवलं' अशी पट्टी. फाशी दिली तर पेढा. रात्री शांत झोप, कारण वर बघतील. आणि वर बघतात! 2000 पासूनच्या दीड दशकात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी शंभरात पाचही वर टिकल्या नाहीत. शंभरातले तीसच्या आसपास लोक तर निर्दोष सुटले. शंभरातले तीस! गिरणीवाल्याने शंभर किलो दळणात तीस किलो दुसऱ्याचं पीठ दिलं तर त्याला गावात राहू देतील का? इथे कोणी कोणाला विचारत नाही.

उलट मागणी वाढतेय. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता लागू झाली आणि फाशीच्या गुन्ह्यांची यादी आणखी लांबली. झुंडबळी आला, संघटित गुन्हेगारीतला मृत्यू आला, अठरा वर्षांखालील मुलीवरचा सामूहिक बलात्कार आला. गुन्हे भयंकरच आहेत, वाद नाही. पण यादी लांबवणाऱ्यांपैकी कोणी एकाने तरी उठून म्हणायचं होतं की दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं यात निदान इतके दिवस जायलाच हवेत. एक ओळ. आमच्या बांधावरच्या बाभळीला मिळाली तेवढी मुदत नको, तिच्या शेंगा वाळायला लागतात तेवढी दिली असती तरी चाललं असतं. ती ओळ कोणाला सुचली नाही. जेवायची वेळ झाली असेल.

फाशी प्रत्यक्षात दिली गेली ती शेवटची 2020 च्या मार्चमध्ये. त्यानंतर सुनावण्याचं काम मात्र जोरात आहे. 2022 मध्ये खालच्या कोर्टांनी 165 जणांना फाशी सुनावली, 2023 मध्ये 120, 2024 मध्ये 139. त्या वर्षाअखेर फाशीच्या कोठडीत 564 माणसं होती. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांत सर्वात वरच्या कोर्टाने एकाचीही फाशी कायम केली नाही.