मिठाचा मान

जेवणाच्या टेबलावर सेंटरपीस हवाच, असं माझं ठाम मत. छोटं पितळी घंगाळ, त्यात पाणी, पाण्यावर शेवंती आणि पाहुण्यांच्या तोंडून "वा, काय टेस्ट आहे!" खरी गरज शेवटच्या वस्तूची, बाकीचा खर्च तिच्यासाठी.

घंगाळ पाहून आई म्हणाली, "यात आम्ही अंघोळीचं पाणी काढायचो."

शिवाय टेबलावर आधीच लोणच्याची बरणी, मेतकूट, लाइट बिल आणि आईचा गोळ्यांचा डबा यांची वहिवाट. वहिवाटीपुढे मालकाचंही चालत नाही. मग मी विद्वत्ता काढली. म्हटलं, युरोपात राजेलोकांच्या मेजावर मिठाचा केवढा मान! फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिससाठी चेल्लिनी नावाच्या सोनाराने 1540 ते 1543 या काळात सोन्याचं मीठदान घडवलं. एकीकडे समुद्रदेव, दुसरीकडे पृथ्वीदेवी. मिठाला होडी, मिऱ्यांना चक्क देऊळ. 2003 मध्ये चोराने व्हिएन्नाच्या संग्रहालयाच्या परांचीवर चढून ते लांबवलं. 2006 मध्ये सापडलं, जंगलात पुरलेलं! वीतभराहून जरासंच उंच, पण...

"मीठ आपणही पानात वर मधोमधच वाढतो," आई म्हणाली. "शेजारी लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद. आणि ते कुणी चोरत नाही."

मासिकांतल्या फोटोंतली टेबलं पाहिली की हल्ली चीड येते. तिथे कुणी जेवत नाही, कुणी आजारी पडत नाही, कुणाचं बिल थकत नाही. पाहुण्यांपुरता तो गोळ्यांचा डबा तरी कपाटात ठेवू, असं मी सुचवलं होतं. बायकोने नुसतं पाहिलं. खरं तर दिवसभर येता-जाता माझीच नजर त्या डब्यावर जाते: सकाळचा कप्पा रिकामा झाला का? झाला असला की मी निमूट पेपर उचलतो. आईला हे ठाऊक नाही. असलं तरी ती दाखवत नाही.

तर पाहुणे आले. घंगाळ मी ऐन मध्यावर सरकवून ठेवलं होतं. काकूंनी ते दोन्ही हातांनी बाजूला केलं, डबा पुढे ओढला आणि आईला विचारलं, "अय्या, तुम्हालाही थायरॉइडची का? पंचवीसची की पन्नासची?"

"पन्नासची. उपाशीपोटी."

"मग चहा किती वेळाने घेता?"

मध्येच मी चेल्लिनी काढून पाहिला. कुणी हूं की चूं केलं नाही.