पेपर फोडणाऱ्या दलालास, वर्ध्याहून

दलालशेठ,

नमस्कार लिहीत नाही. तो भरतीच्या पोरांसाठी राखून ठेवलाय.

पहाटे पाचला तू गाढ झोपेत असतोस. त्या वेळी आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या रस्त्यांवर पोरं-पोरी धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, मग गोळाफेक, मग लेखी. घामेजलेल्या अंगानं घरी यायचं, आंघोळ उरकून अभ्यासिकेत बसायचं, ते रात्री कुलूप लागेपर्यंत. क्लासची फी बापानं कापूस विकून भरलेली असते. तलाठी भरतीच्या एकेका अर्जाला २०२३ मध्ये खुल्या गटाला १००० रुपये लागले, राखीव गटाला ९००. तेवढ्या पैशांसाठी घरात दोन दिवस बोलणी होतात.

तुझं मात्र बसल्या जागी भागतं. २०२१ चा हंगाम तुला चांगलाच गेला. २४ आणि ३१ ऑक्टोबरला आरोग्य विभागाच्या गट क आणि गट डच्या परीक्षा झाल्या. पेपर त्याआधीच बाहेर होते, आणि त्या प्रकरणात विभागाचाच सहसंचालक पकडला गेला. १२ डिसेंबरला म्हाडाची परीक्षा होती. ती रद्द झाल्याचं पोरांना मध्यरात्रीनंतर कळलं. एसटीचा संप सुरू होता. लांबच्या केंद्रावर जाणारी पोरं मिळेल त्या गाडीनं कधीच निघाली होती. त्याच महिन्यात टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्ताला अटक झाली. २०१९-२० च्या त्या परीक्षेतले ७,८०० हून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडले. इतक्या पोरांना ‘सेटिंग लागते, फक्त रेट विचार’ हे पटवून देणारा तूच. प्रामाणिकपणे बसलेल्या डी.एड.वाल्यांकडे लोक आजही संशयानं बघतात, ही तुझीच कमाई.

पोलीस भरतीत खुल्या गटाची वयोमर्यादा २८ आहे, राखीव गटाची ३३. परीक्षा रद्द झाली की वय काही थांबत नाही. पैसे एकवेळ परत मिळतील. सत्ताविसाव्या वर्षी गेलेलं वर्ष तू कुठून आणून देणार?

तुझी जात सगळीकडे आहे. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून विद्यार्थी रस्त्यावर होते, आणि त्याच महिन्यात तिथल्या लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपत्रिका फोडल्याच्या आरोपावरून आयोगाचा माजी गाडीचालक पकडला गेला. नोकऱ्या मोजक्या आणि पोरं लाखोंनी, असं जिथं असेल तिथं तू दुकान मांडतोस.

सरकारलाही सांगणं आहे. २०२४ च्या केंद्रीय कायद्यात संघटित पेपरफुटीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड आहे. पण तुला तुरुंगात टाकून पोराचं वर्ष भरून निघत नाही. परीक्षा रद्द झाली की शुल्क आपोआप खात्यात परत यावं, वयात तेवढी सूट मिळावी, केंद्र जिल्ह्यातच असावं आणि भरतीचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच लागावं. तालुक्याला एक सरकारी अभ्यासिका रात्रभर उघडी राहिली तरी कितीतरी पोरांचं खासगी अभ्यासिकेचं भाडं वाचेल. आणि शेतमालाला धड भाव मिळाला, तर घरातल्या प्रत्येकाला एकाच भरतीकडे डोळे लावून बसावं लागणार नाही.

तोवर तुझ्यासाठी एवढंच: पुढच्या जाहिरातीनंतर तुझा माणूस इथल्या अभ्यासिकेच्या दारात ‘रेट’ सांगायला आला, तर त्याचा नंबर आणि गाडीचा फोटो सरळ पोलीस ठाण्यात जाईल.

भरतीच्या पोरांचा,
एक वर्धेकर