ठोकळा थांबला

डिसेंबर 2023 मध्ये भाचा मोबाइल घेऊन धावतच आमच्या नंदिनी नगरच्या क्वार्टरमध्ये शिरला. "मामा, आता हा थांबतो!"

हा म्हणजे 'जिऑमेट्री डॅश' या मोबाइल खेळातला ठोकळा. 2013 पासून नुसता पळत होता. गाण्याच्या ठेक्यावर बोट टेकवा, काटा चुकवा; चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. रॉबर्ट टोपाला या स्वीडिश माणसाने 2.1 ही आवृत्ती जानेवारी 2017 मध्ये दिली आणि 2.2 थेट डिसेंबर 2023 मध्ये. मधली जवळजवळ सात वर्षं जगभरची पोरं खेळातल्या जुन्याच सामानावर स्वतःच्या लेव्हल बांधत राहिली. कॅमेरा मनासारखा फिरत नव्हता, तर त्यांनी अख्खा देखावाच सरकवला!

"वेळ वाया" म्हणणाऱ्यांनी अशा पोराशेजारी तासभर बसावं. भाचा काटा ठेवतो, गाणं मागे नेतो, ऐकतो, काटा केसभर सरकवतो, खेळून बघतो, मरतो. पुन्हा सरकवतो. आणि स्वतः बांधलेली लेव्हल स्वतः पार केल्याशिवाय ती जगापुढे ठेवता येत नाही. परीक्षेचे पेपर काढणाऱ्यांना हाच नियम लावा, दिलेल्या वेळेतच.

2.2 ने सगळंच हाती दिलं. कॅमेरा जवळ न्या, लांब न्या, फिरवा. शेडर या दृश्य-परिणामाने पडदा विस्कटून टाका. मग काय, जो तो विस्कटायलाच बसला. आमच्या नंदिनीच्या खाणीतली चुनखडी भिलाईच्या झोतभट्टीत जाते. ती लोखंडात राहत नाही. मळ धरते आणि मळी होऊन बाहेर पडते. साधनांची टंचाई या पोरांसाठी तेच काम करत होती. ती संपली आणि बऱ्याच लेव्हलींत मळ तसाच राहिला. डोळे दिपतात, पण उडी कुठे मारायची तेच दिसत नाही.

2.2 मध्येच आलेल्या 'प्लॅटफॉर्मर' लेव्हलींचं मात्र तसं नाही. तिथे डावीकडे जा, उजवीकडे जा, वाटलं तर उभे राहा. बांधणाऱ्याचं कामच पालटलं: आधी तो पळायची वाट आखायचा, आता जागा बांधतो. खोली, किल्ली, दार, परत यायचा जिना. खेळणारा कुठे रेंगाळेल, कुठे मागे वळेल, हे आधीच ओळखावं लागतं. पण गाणं सुटण्याची भीती आहे. पाय आपल्या मर्जीने चालू लागले की ठेका मागे नुसताच वाजत राहतो, आणि ठेका गेला तर या खेळात उरतं काय?

परवा भाच्याची नवी लेव्हल खेळलो. तिसऱ्या खोलीत एकही काटा नव्हता.

"इथे काय करायचं रे?"

"उभं राहायचं, मामा. गाणं ऐकून घ्या. पुढचे काटे त्याच ठेक्यात वर येतात."