पोरोसिटी

चिकलठाणा एमआयडीसीत उभी हयात लेथवर काढलेला माणूस निवृत्त झाला की एक तर नातवाला शाळेत सोडतो, नाही तर देवळाच्या ट्रस्टवर जातो. आमच्या शेजारच्या टर्नरकाकांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा लेथ बसवला आणि लाकडाची पेनं करायला घेतली.

काकांचा मूळ स्वभाव ‘रिजेक्ट’. कंपनीत कास्टिंगवर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, की ‘पोरोसिटी’ म्हणून लाल रंग फासून ते बाजूला काढत. निवृत्तीनंतर रंग सुटला, नजर सुटली नाही. काकूंनी हौसेने केलेला जाळीदार ढोकळा त्यांनी उलटा करून उजेडात धरला, “पोरोसिटी,” म्हणाले आणि ताट सरकवलं. त्या घरात पुन्हा ढोकळा झाला नाही.

अशा माणसाने हौस निवडावी ती सागवानाची! सागाच्या वाढीच्या प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठाल्या छिद्रांची ओळ असते. म्हणजे माल निसर्गाकडूनच रिजेक्ट होऊन आलेला. त्यात काकांना हवा नक्षीचा तुकडा. नक्षी मिळते फांदी फुटते तिथे, गाठीजवळ, जिथे रेषा वळसे घेतात. सुतार नेमका तोच तुकडा चुलीत घालतो, कारण त्यावर रंधा धड चालत नाही. जुन्या शहरात एखादा वाडा पाडतायत असं कळलं, की काका स्कूटरवर हजर. तुळया वखारवाले नेतात, गाठी काका.

मग सात मिलिमीटरचं ड्रिल. निम्मे तुकडे इथेच तडकतात, आणि काका झाडाला उद्देशून जे बोलतात ते छापण्यासारखं नाही. उरलेल्यांत अराल्डाइट लावून ब्रासची नळी बसते, तुकडा लेथवर चढतो, पटाशी लागते. खरी लढाई पुढे. फेविक्विकचा थेंब टाकायचा आणि तो ओला असतानाच पॉलिश पेपर फिरवायचा. निघालेला भुसा त्यात कालवून छिद्रांत बसतो. लाकडाचं भोक लाकडानेच बुजवायचं. पुन्हा थेंब, पुन्हा पेपर, मग भिंग. त्या वाफेने डोळे असे झोंबतात, की काका शेडमधून डोळे पुसत बाहेर येतात आणि काकूंना वाटतं, कंपनीची आठवण आली.

एवढं करूनही लाकूड मापात राहत नाही. स्टीलला सांगितलं की ते ऐकतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळपास नाहीच, नेमकं रुंदीत. उन्हाळ्यात पास झालेला व्यास काका पावसाळ्यात मायक्रोमीटर लावून पुन्हा तपासतात आणि विश्वासघात झाल्यासारखे बसून राहतात. मे महिन्यात अख्खं शहर पेपरात चिकलठाणा वेधशाळेचं तापमान वाचतं. आर्द्रता वाचणारे काका एकटेच.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी एकदा सांगितलं, की राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी हाताने केलेल्या पेनाचं गांधीजींनी १९३५ साली पत्र लिहून कौतुक केलं होतं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “त्यांची पेनं एबोनाइटची. एबोनाइटला छिद्रं नसतात. सोपं काम.” गांधीजींचाही शेरा रद्द झाला.

आज आमच्या गल्लीत प्रत्येक घरात काकांचं पेन आहे आणि प्रत्येक पेन रिजेक्ट आहे. म्हणूनच ते फुकट मिळालं. माझ्या पेनातला दोष मला अजून सापडलेला नाही. पास झालेलं पेन मात्र कुणी पाहिलेलं नाही. काकू दुधाचा हिशेब कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेल्या बॉलपेनाने लिहितात.

परवा एक तरुण इंजिनिअर पैसे घेऊन आला. काकांनी विचारलं, “टॉलरन्स किती चालेल?”

“काका, लिहितं ना? मग झालं की!”

काकांनी हातातलं पेन डबीत घातलं, डबी कपाटात, कपाटाला किल्ली. मुलगा गेल्यावर मला म्हणाले, “बघितलंत? पोरातच पोरोसिटी.”